सहा फूट

सन्मती, परत एकदा लाव बघू.
फोन जरा तिरका धर, डोळ्यांवर उजेड येतोय.

वेदगंगेवरनं घारीसारखा फिरणारा तुझा कॅमेरा,
मग काच फुटल्यासारखी अक्षरं,
एक नाव जुळतंय न जुळतंय तोवर
दुसरं त्याच्या अंगावर.
झोकात आहे. मुंबईची माणसं तोंडात बोट घालतील.
मला तुझं नावसुद्धा वाचता आलं नाही,
आणि ते नाव मीच सुचवलेलं.

निपाणीत आमचं मशीन कार्बनवर चालायचं.
साडेसहाच्या खेळाला वखारीतल्या बायका यायच्या
पुढच्या तिकिटावर, पदर झाडून,
तरी झोतात तंबाखूची धूळ उडायचीच.
सेन्सॉरच्या सर्टिफिकेटाला दहा-बारा शिंका,
हा आमचा शकुन.

इरव्वाला कन्नड अक्षरं यायची,
शेवंताला मराठी, रात्रीच्या वर्गात नुकतीच लागलेली.
मराठी पिक्चर असला की शेवंता वाचायची, मोठ्यानं,
जोडाक्षराला ठेचकाळत: दि-ग्द-र्श-क.
कन्नड असला की इरव्वा.
ज्याचं नाव त्यांच्या तोंडून पुरं व्हायच्या आत पुसलं
तो माणूस निपाणीपुरता जन्मलाच नाही म्हण की.

एक पिक्चर आलेला.
आड. रहाट. बाईचे दोनच हात.
घागर वर आली की एक नाव,
दोर सुटला की पडदा मोकळा.
वाजंत्री नाही, नुसती रहाटाची कुरकुर.
सातव्या घागरीला
हातात बांगड्या नव्हत्या.
अजून कुणी चकार शब्द बोललं नव्हतं,
आणि खुर्चीवर घेतलेले पाय
माणसांनी खाली सोडले.

त्याच घागरीशेजारी नाव होतं:
वेशभूषा साहाय्य, शेवंता.
आडनाव नाही. त्या बांगड्या उतरवून
जिनं कुठंतरी नीट ठेवल्या असतील, ती.
खाली आमची शेवंता एकदम गप्प.
वाचता आलं म्हणूनच गप्प.
मग रोज यायला लागली. नावं संपली की उठायची,
घरी चूल वाट बघायची.

शनिवारी मालक म्हणाले, साडेआठला लाईट जाणार,
ती नावं तेवढी काप. तीन मिनिटं वाचतील.
वाचली.
पिक्चर थेट भांडणावर सुरू झाला,
वळख ना पाळख, कुणाच्याही सोप्यात शिरल्यासारखा.
आणि शेवटी आडात पडली ती बाई कोण, का,
कुणाच्या पोटात कालवलं नाही.
बिड्या पेटवत बाहेर गेली माणसं.

शेवंता जिना चढून बूथच्या दारात:
"तवनाप्पा, नावं कुठं खाल्लास?"

रात्री बसून सगळं परत जोडलं.
पण गुरुवारी पेटी संकेश्वरला गेली
तेव्हा सहा फूट कमी भरलं असतं, कुणी मोजलं असतं तर.
चार सेकंद. शहाण्णव चौकटी. प्रत्येकीत शेवंता.

तिला द्यायचं म्हणून ठेवलेलं.
आधी धीर नव्हता,
मग ती वखार बंद पडली, बायका पांगल्या.
आणि संकेश्वरात, गोकाकात, पेटी जाईल तिथं
रहाट एकदा अडखळून पुढं उडाला असेल,
आणि ती दुसरी शेवंता, कोण कुठली,
माझ्या कात्रीनं पिक्चरमधनं उतरली.
हे मी तुझ्या आजीलाही सांगितलं नव्हतं.

तो पावडरचा डबा काढ. वरच्या फळीवर.
धर खिडकीकडं. जपून, कडकड वाजतंय.
दिसतंय? नखाएवढं.
हात हलत नाहीत त्यात, घागर तिथंच आहे.

बरं. आता तुझं लाव.
मी वाचतो, मोठ्यानं.

छा-या-चि...

अगं, थांबव की.